पावण्याच्या हातात तलवार

आई, मी खरं तर त्या गेमच्या कंपनीला लिहायला बसलो होतो. त्यांच्या वेबसाइटवर तक्रारीसाठी एक रिकामा चौकोन दिलेला आहे, त्यात इंग्रजीत लिहायचं असतं. दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. दूध संघाच्या कचेरीत मी रोज इंग्रजीत कागद तयार करतो, ते जमतं. पण इंग्रजीत माझा राग फारच सभ्य होतो, अर्ज केल्यासारखा वाटतो. म्हणून कॉम्प्युटर बंद केला आणि तुला लिहायला घेतलं. हा राग नेमका कशाचा आहे हे न सांगता समजेल असं तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुला जाऊन पंचवीस वर्षं होत आली.

तुला पावणा आठवत असेल. आजऱ्याच्या अलीकडं आपलं गाव, मी कॉलेजात. सुट्टीत काजूच्या कारखान्यात काम केलं आणि त्या पैशातनं बाजारातनं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं, सोबत एक कॅसेट. कॅसेटवर चित्र मोटारींच्या शर्यतीचं, आत निघाला भलताच गेम. अक्षरं जपानी की चिनी हेही आपल्याला कळत नव्हतं. मी वैतागून बंद करणार, तेवढ्यात तू चुलीपुढनं मान वाकडी करून मधल्या खोलीतल्या टीव्हीकडं बघितलंस. पडद्यावर खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस हातात दिवा घेऊन एका गावाच्या वेशीत उभा होता. "हे कोण पावणं रं? कवाचं उभं हाईत. पुढं घे की त्यास्नी," म्हणालीस. तेव्हापासून त्याचं नाव पावणा पडलं. त्याचं खरं नाव काय होतं ते मला पुढं कळलं, पण ते मी कधी तोंडात घेतलं नाही.

त्या गेममध्ये मारामारी नव्हती. दिवा विझू न देता गावोगाव चालत जायचं आणि शेवटी दूरवर दिसणाऱ्या डोंगरावर चढायचं, एवढंच. पळलं तर दिवा फडफडायचा. वारा आला तर भिंतीच्या आडोशाला थांबायचं. प्रत्येक गावाबाहेर एक गोल काळा दगड असायचा आणि दगडाच्या एका अंगानं पाण्याची बारीक धार वाहून जायची. मी पहिल्यांदा त्या दगडापासनं पावण्याला सरळ पुढं दामटला, तर तू हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडून आलीस. "आरं, थांब की! देवाच्या दारातनं असं भरकन जात्यात व्हय? पिंड हाय ती. पाणी दिसंना व्हय तुला?" मग तू शिकवलंस तसं मी करायला लागलो. महादेवाला पुरती प्रदक्षिणा घालत नाहीत. पन्हळीच्या पाण्यापर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं माघारी यायचं. मी पावण्याला तसा फिरवला आणि तो परत जागेवर आला तेव्हा त्याच्या हातातल्या दिव्याची ज्योत चांगली मोठी झाली. तू माझ्याकडं बघितलंस. मग करपलेली भाकरी उचलायला आत गेलीस. त्या रात्री ती भाकरी तूच खाल्लीस.

मग आपला तो नेमच झाला. सोमवारी तुझा उपास, धार काढून झाली की तू दाराला टेकून बसायचीस, मी रिमोट हातात घ्यायचो. आप्पा चिडवायचे, "म्हशीला अंधारात ठेवून टीव्हीत दिवा घिऊन कुठं निघालीस?" तू म्हणायचीस, "तुमच्या म्हशीला बी दिवा दावून येतो की, लई अंधारात हाय बिचारी." एकदा मला कॉलेजची परीक्षा होती, घाई होती, मी बटण दाबून पावण्याला पाण्यावरनं उडी मारायला लावली. त्याच क्षणी गावातली लाईट गेली. अंधारात तुझा आवाज आला, "बघ. वलांडलंस न्हवं?" तुझी बोलणी मी पुष्कळ खाल्ली, पण या एकाच बोलण्यानं मी खरोखर घाबरलो होतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी. तरी त्यानंतर कधी ओलांडलं नाही.

त्या कॅसेटमध्ये गेम साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या गावापासनं. आणि आपल्याकडं लाईट न जाता संध्याकाळ कधी गेलीय? मी हात आपटायचो. तू म्हणायचीस, "पावणा मुक्कामाला थांबला म्हणायचं. उद्या निघंल." एकदाच आपण डोंगराच्या पायथ्याला पोचलो होतो. वरती काय असेल यावर आपण दोघं किती दिवस बोलत होतो. मी म्हणायचो, राजा असेल, नाहीतर खजिना. तू सुपातले तांदूळ निवडत म्हणालीस, "वर त्योच असणार. खाली एवढ्या पिंडी ठिवल्यात त्या कुणाच्या?" आणि मग हसलीस, "पर लवकर नगं पोचवू बाबा. पोचल्यावर आपून दोघांनी काय करायचं?" तुझ्या शेवटच्या आजारात मी कोल्हापूरच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो. तू डोळे मिटूनच विचारलंस, "पोचला काय रं पावणा?" मी म्हटलं, "न्हाय आई, लाईट गेलती." तू मान हलवलीस. तुला बरं वाटल्यासारखं दिसलं.

तू गेलीस त्याच पावसाळ्यात ओल धरून कॅसेट बंद पडली. वरती काय आहे ते मी बघितलं नाही. नंतर नोकरी लागली, कोल्हापुरात कसबा बावड्याला घर झालं, लग्न झालं, मुलगी झाली. त्याच कंपनीनं पावण्याचे आणखी दोन गेम काढले, दोन्ही मी खेळलो. एकात तो समुद्राच्या कडेनं चालतो, दुसऱ्यात वाळवंटातनं. ते इंग्रजीत होते, म्हणून मला उशिरा का होईना कळलं की दगडापाशी प्रदक्षिणा वगैरे काही नसतं. तिथं नुसतं थांबायचं असतं. थोडा वेळ उभं राहिलं की दिवा आपोआप मोठा होतो. आपण जाऊन माघारी येईपर्यंत तेवढा वेळ होत होता, एवढंच. हे कळलं त्या दिवशी मी कचेरीत जेवताना एकटाच हसत बसलो होतो. शेजारचा म्हणाला, "काय पावणं, बोनस लागला काय?" मला त्या लोकांबद्दल प्रेम वाटलं. सात समुद्रापलीकडं बसून त्यांनी माणसाला थांबायला लावणारा खेळ केला होता, आणि तू त्यातली अक्षरं न वाचता नेमकी तिथंच थांबली होतीस.

आता ऐक, त्याच कंपनीनं काय केलंय ते. गेल्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की पहिला गेम नव्यानं करतोय. माझ्यासारखी जगभरातली जुनी माणसं हरखली. मी मनाशी ठरवलं, आता पावण्याला वर पोचवायचा. गेम आला त्या सोमवारी रजा टाकली, उपास होता, आंघोळ करून देवाला फूल वाहिलं आणि दुपारी बसलो. मुलीनं सगळं जोडून दिलं. इंजिनिअरिंगला आहे ती, सुट्टीला घरी आली होती. पडदा उजळला. पहिलं गाव दिसलं, वेस दिसली, गवताचं पातं न् पातं दिसलं. आणि वेशीत उभ्या असलेल्या पावण्याच्या एका हातात तलवार होती.

घोंगडं काढून त्याला चिलखत घातलंय, आई. दिवा आहे, पण कमरेला लटकवलेला, शोभेला. तो पळतो, आणि पळाला तरी दिवा फडफडत नाही. वाटेवर दर दहा पावलांना कुणीतरी अंगावर येतं, त्याला कापायचं. पहिल्या गावाचा दगड तेवढा ठेवलाय, जुन्या लोकांना बरं वाटावं म्हणून असेल. त्यातनं पाणी येत नाही. पुढच्या गावांत दगडाच्या जागी दुकानं आहेत, तिथं तेल मिळतं. तेल भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ नको असेल तर पैसे भरा, खरे पैसे. मी ते तीनदा वाचलं. जिथं थांबण्यासाठी अख्खा खेळ केला होता, तिथं आता थांबायचं नसेल तर पैसे मागतात! कंपनीचा कोण नवा साहेब आहे, तो सांगतो की हल्लीच्या माणसाला थांबायला आवडत नाही. तुला कुणी विचारलं होतं बाबा? मला विचारलंस? चुलीपुढं बसून तुझा गेम बघणाऱ्या माझ्या आईला विचारलंस? विकत घे, मोठा कर, रंगव, काय करायचं ते कर. पण दुसऱ्याच्या देवळातली पिंड काढून तिथं तेलाची टपरी टाकायला तुला धीर कसा झाला?

तरी मी खेळत राहिलो. चिडत, कापत, रेटत राहिलो, कारण डोंगर दिसत होता. इथं लाईट जात नाही आता, गेम आपोआप साठवला जातो. मुलीची सुट्टी संपत आली तेव्हा एका रविवारी दुपारी पावणा वर पोचला. ढग बाजूला झाले आणि वर तो बसलेला होता. पांढरा, अंगाला राख, डोळे मिटलेले. आई, माझा हात आपसूक छातीशी गेला. मग त्यानं डोळे उघडले, ते लाल होते, आणि पडद्यावर अक्षरं आली की यानंच खालच्या सगळ्या गावांचा उजेड चोरलाय. खाली एक बटण चमकायला लागलं. मारा.

मी मारलं नाही. पावण्याला वळवला आणि आल्या वाटेनं खाली न्यायला बघितलं. वाट नव्हती. हवेतच भिंत. मी बटण दाबत नाही म्हणून तो वरचा आरडाओरडा करत होता आणि पावणा भिंतीला तोंड लावून जागच्या जागी चालत होता. मी रिमोट खाली ठेवला. मुलगी मागं उभी होती. "पप्पा, मारा की. शेवटचाच हाय त्यो."

"न्हाय मारणार."

"अहो गेम हाय पप्पा. देव न्हाय कुणी. पिक्सेल हाईत नुसते."

"तुझ्या आज्जीनं सांगितलंय वर कोण हाय ते."

"आज्जीला काय म्हाईत? आज्जीनं वाचलंतं काय?"

मी तिच्यावर ओरडलो. लहानपणीसुद्धा इतका कधी ओरडलो नव्हतो. ती आत निघून गेली. संध्याकाळी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. मोबाइलवर जुन्या खेळाडूंचा एक गट शोधला होता तिनं. माझ्याइतकेच चिडलेले लोक, कुठल्या कुठल्या देशांतले. त्यातल्या एकानं लिहिलं होतं की जुन्या गेममध्ये डोंगरावर कुणीच नव्हतं. एक मोठा काळा दगड होता. त्याच्यापाशी थांबलं की सकाळ व्हायची आणि दगडातनं निघालेलं पाणी डोंगरावरनं खाली जाताना दिसायचं, एकेका गावाकडं. खालच्या सगळ्या दगडांचं पाणी तिथनंच येत होतं. मुलीनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आज्जीला म्हाईत होतं की ओ."

त्यानंतर माझा राग वाढला, कमी नाही झाला. न बघताच तुझं बरोबर होतं. आणि त्यांच्या हातात ते सगळं होतं, दगड, पाणी, सकाळ, आणि त्यांनी तिथं एक राक्षस बसवला, कारण राक्षस मारताना लोक ओरडतात आणि सकाळ होताना कुणी ओरडत नाही. मी काही फार कर्मठ माणूस नाही, तुला माहीत आहे. सोमवार धरतो, संध्याकाळी दिवा लावतो, एवढंच. कुणी देवाबद्दल काही बोललं म्हणून मोर्चे काढणारा मी नव्हे. मला देवाचं वाईट वाटलेलं नाही, तो त्याचं बघून घेईल. दिवा घेऊन निघालेल्या माणसाला यांनी मारेकरी केलं, याचं वाईट वाटतं. तो आपल्या घरचा पावणा होता.

हे कंपनीला काय सांगू? ते विचारतील, ही बाई कोण, हिनं गेम कधी विकत घेतला? कॅसेटसुद्धा चोरून केलेली नक्कलच होती आपली, आता कळतं मला. तेव्हा तो चौकोन रिकामाच राहू दे. आणि हा कागद तुला तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

एकच सांगायचं राहिलं. मुलगी हॉस्टेलला परत जाताना विचारत होती, तेव्हा मी तिला सांगितलं की गेम काढून टाकला. काढलेला नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की मी थोडा वेळ मशीन लावतो आणि नवा खेळ सुरू करतो. पावण्याची तलवार काही केल्या हातातनं सोडवता येत नाही. पहिल्या गावाच्या बाहेर जात नाही मी. त्या कोरड्या दगडापाशी त्याला घेऊन जातो, जिथं पाणी असायचं तिथवर चालवतो, आणि तिथनं माघारी फिरवतो.