काचेतल्या बाईची ओटी

१० नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! कोपरखैरणे, तिसरा मजला, एक खोली आन् किचन. पाच वर्षं हे इथं आणि मी पाटणला आत्याबाईंपाशी, म्हणजे सासूबाईंपाशी. आजपासून हे, मी आणि दर्शू एका छताखाली. पोरीचं नाव प्रियदर्शिनी, नाव तिच्यापेक्षा लांब, म्हणून दर्शू.

ही डायरी ह्यांच्या कंपनीतली. जानेवारीत वाटली, ह्यांनी उघडलीच नाय. म्हणाले तू लिही, म्हणजे माझं डोकं कमी खाशील. मी सातवी पास आहे. शाळेत माझं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातले गुरुजी यायचे.

किचनचा ओटा काळ्या दगडाचा आहे. नळ उघडला की पाणी. मी चार वेळा उगीच उघडला. खालच्या मजल्यावर काशीताई राहतात, मालकीण, इथल्या जुन्या गावातल्या. त्यांनी जिन्यातच अडवलं, नाव विचारलं. कोयना सांगितल्यावर हसल्या. म्हणाल्या, नदीचं नाव हाय गो, मंग इथं पानी कमी परनार नाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम मिळालं, काशीताईंनीच लावून दिलं. मार्केटमधून लसणाची गोणी घरी येते, सोलायची, संध्याकाळी टेम्पो नेतो. दर्शूला शाळेत सोडलं की बसायचं. पोरगी सिनियर केजीत बसली. रडली नाय, मीच रडले.

दुपारी तिला घास भरवताना तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, मम्मी, हाताला वास येतो. मी साबण लावला, तेल लावलं, मीठ चोळलं. वास काय जात नाय. मग चमच्यानं भरवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बालदिन. ह्यांनी दर्शूला खेळणं आणलं. ह्यांची कंपनी महापेला, लोकांनी परत पाठवलेला माल तिथं तपासून पुन्हा पॅक करतात. हा गेमचा रिमोट (हे म्हणतात रिमोट नाय, कंट्रोलर) बिगर खोक्याचा आला होता. ह्याचा नंबर कॉम्प्युटरमध्ये कुठंच नाय. साहेब म्हणाले, ज्योतिबा, पोरीला घेऊन जा.

वस्तू झ्याक आहे. दोन हातांत मावते, पकडायला दोन शिंगं, अंगठ्याखाली बुटक्या दांड्या गोल फिरतात. आणि मधोमध काच. पत्त्याएवढी. मोबाईलसारखं बोट लावलं की चालते. हातात धरली की बारीक थरथरते, कबुतर धरल्यासारखी.

आमच्या जुन्या टीव्हीला काय ते जोडलं नाय. पण काच आपली आपण चालू झाली. हे म्हणाले, असं व्हायला नको खरं. काचेवर आलं की आधी एक माणूस बनवा. दर्शू ओरडली, आई बनवते, आई! मला लय बरं वाटलं. तिनं बोटानं चेहरा निवडला, केस निवडले, हिरवी साडी. मी म्हटलं टिकली मोठी कर की, आणि बोट लावलं. काच हललीच नाय. परत लावलं. काय नाय. हे हसले. रेशन दुकानातलं मशीन पण माझा अंगठा घेत नाय. रानात तण भांगलून आणि राखेनं भांडी घासून रेषाच गेल्यात, बोटं काळी पडलीत.

दर्शूनं टिकली तेवढीच ठेवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून आली की आधी तो कंट्रोलर. दप्तर दारात, बूट पायात. पूर्वी आधी माझ्या गळ्यात पडायची.

काचेतली बाई हसते, मान डोलावते, टाळ्या वाजवते. दर्शू तिला छोटी आई म्हणते. मला मम्मी म्हणते, तिला आई. मी म्हटलं, आई मी आहे. तर म्हणाली, तू मम्मी आहेस, तू ओरडतेस.

मी कुठं ओरडते? एवढी गोणी असते, एक हाक मारून ऐकत नाय म्हणून दुसरी मोठ्यानं मारते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल जेवण झाल्यावर हे पण घेऊन बसले. मी भांडी घासत होते. बाहेर हसण्याचा आवाज, ह्यांचा. किती दिवसांनी ऐकला. हात पुसत आले तर हे काचेकडे बघतायत. मी विचारलं एवढं काय आहे त्यात. म्हणाले, तुझ्यासारखीच आहे गं, फक्त हसरी.

चेष्टा केली असेल. मला झोप लागली नाय.

सकाळी आरशात बघून हसून बघितलं. मला जमत नाय असं नाय. दिवसभर कोण हसेल?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज एक झालं. दर्शू जेवेना, म्हणून कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला आणि मी घास पुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाय. काचेकडं तोंड करून आ केला. बाईनं काचेत हात वर केला, बोटं जुळवली. आणि दर्शूनं चावलं. गिळलं. माझा घास माझ्या हातात तसाच.

मी विचारलं काय खाल्लंस. म्हणाली, दूधभात. आईच्या हाताला वास येत नाय.

तिच्या ओठाला भाताचं शीत होतं. आज मी भाकरी केली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कंट्रोलर तांदळाच्या डब्यात लपवला. खाली, तळाशी. दर्शू शाळेतून आली, शोधलं, आदळआपट केली, मग गप झाली. मग डब्यातून आवाज आला. बाईचा. माझ्याच आवाजासारखा, पण गोड केलेला. म्हणाली, ये गं माझी वाटाण्याची शेंग.

हे नाव मी दर्शूला ती पाळण्यात असताना म्हणायची. कुणासमोर नाय, आत्याबाईंसमोर पण नाय. ह्यांना तर माहीतच नाय.

पोरीनं कोपरापर्यंत हात घालून तो काढला. सगळे तांदूळ खाली. मी मारलं तिला. पहिल्यांदा. ती रडली नाय, काचेला गाल लावून बसली, आणि ती वस्तू थरथरायला लागली, थोपटतात तशी.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, खेळण्यावर जळतेस काय?

हो. जळते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आत्याबाईंना फोन केला. मशीन आहे हे सांगायची लाज वाटली. हसल्या असत्या, गावभर केलं असतं. म्हटलं, एक बाई घरात येते, पोरीला लळा लावते, ह्यांच्याशी पण हसून बोलते, जात नाय.

आत्याबाईंना ते शेजारणीचं वाटलं. म्हणाल्या, भांडू नकोस, आलेल्या बाईला हाकलू नये. पाटावर बसव, हळदीकुंकू लाव, ओटी भर आणि पाठवणी कर. मान मिळाला की बाई आपल्या वाटेनं जाते. आमच्या चुलत सासूनं एका जोगतिणीला अशीच वाटेला लावली होती म्हणे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं. दर्शू शाळेत, हे कामावर. पाट मांडला, कंट्रोलर ठेवला. समोर बसले. वेड्यासारखं वाटत होतं. हिरवा खण, नारळ, पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी. कुंकवाचं बोट काचेला लावलं.

काचेनं बोट घेतलं! चौदा दिवसांत पहिल्यांदा. लख्ख उजेड झाला. बाई वर आली, पदर पसरला. मी म्हटलं, घे बाई, तुझा मान घे आणि जा. आमचं आमाला ठेव.

ती हसली. मग काच काळी झाली.

सगळं खणासकट माझ्या रुमालात बांधून फळीवर ठेवलं. उद्या काशीताईंना देईन. आज लसूण सोलताना गाणं म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गेली! काच चालू होते, पण बाई नाय. नुसतं किचन दिसतं, काळा ओटा, एक गोणी. आमच्यासारखंच. रिकामं. दर्शू रडेल वाटलं होतं. रडली नाय. कंट्रोलर टाकून खेळायला गेली. रात्री माझ्या कुशीत झोपली, घट्ट.

गाठोडं द्यायला काढलं तर हलकं लागलं. सोडलं. आत काय नाय. नारळ नाय, दाणा नाय. खण पण नाय, नुसता माझा रुमाल. उंदीर नारळ नेतो का?

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी दोरीवर हिरवं ब्लाऊज वाळत होतं. ओलं. त्याच खणाचं. शिवलेलं. माझ्या मापाचं. मला शिवता येत नाय.

गोणी सोललेली होती, सगळी. वास नाय कुठं.

आत्याबाईंचाच फोन आला. विचारलं, गेली का बाई? हो म्हटलं. म्हणाल्या, ओटी घेऊन तिनं चार दाणे तुझ्या पदरात परत टाकले ना? घेणारीनं टाकायचे असतात, म्हणजे देणारीचं घर भरलेलं राहतं. मग खरं सांगितलं. काच, खेळणं, सगळं. आत्याबाई हळू म्हणाल्या, अगं कोयने, ओटी कशासाठी भरतात, तुला कुणी सांगितलं नाय का. नारळ म्हणजे लेकरू. तू तुझ्या हातानं—

पुढं फोन तुटला. परत लावला. लागत नाय.

२ डिसेंबर, मंगळवार

मी उठायच्या आधी दर्शू शाळेत गेलेली. डबा जागेवर नाय, फणीत तिचे केस, म्हणजे वेणी पण घातलेली. ह्यांनी घातली असेल म्हणून विचारलं. हे बूट घालत होते. मान वर केली नाय.

जिन्यात काशीताई. मी हाक मारली. त्या माझ्या अंगावरून पुढं बघून वरच्या पोरीला सांगत होत्या, ती कोयना आज काय झ्याक दिसली गो, हिरव्या लुगर्‍यात, पोरीला घेऊन चालली तवा. हसते किती, अगोदर मेली कशी आंबट तोंड करून असायची.

मी सकाळपासून घरात होते.

३ डिसेंबर, बुधवार

ती ओट्यापाशी उभी असते. पाठमोरी. माझी पाठ.

दुपारी दर्शूला भरवत होती. काऊचा घास, चिऊचा घास. दर्शू तिची बोटं चाटत होती. मी मध्ये जाऊन बसले. म्हटलं, दर्शू, माझ्याकडं बघ, मी ओरडणार नाय, मी परत कधी— तिचा दंड धरला. तिनं माशी बसल्यासारखं झटकलं.

माझं बोट लागत नाय तिला. त्या काचेला लागायचं नाय, तसं.

बाईनं फक्त एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. आपण पाहुण्याकडं बघतो, आता उठेल तर बरं, तसं.

हे आले, जेवले. म्हणाले, आज भाजी भारी झाली. तिला म्हणाले.

४ डिसेंबर

कंट्रोलर फळीवर होता. फोडायला घेतला. काच चालू. रिकामं किचन. बोट लावलं—

घेतलं. ऊब लागली.

४

मी ओट्यापाशी बसलेय. आमचाच ओटा. पण नळ उघडला तर पाणी नाय. दार आहे, कडी नाय. गोणी आहे, सोलून संपत नाय. डायरी मांडीवर होती, ती आली बरोबर.

समोर सगळं काचेचं. पलीकडं आमची खोली. किती मोठी.

परत

दर्शूचा आवाज. लांबून, पाण्याखालून ऐकू येतो तसा. ओरडतेय, आई, आई, छोटी आई परत आली! पण ही हसत नाय. ही रडतेय. हिची बोटं काळी आहेत.

ती बाई म्हणाली, टाकून दे राजा, खराब झालं ते.

दर्शू, नको टाकू. मी हसते. बघ. हसतेय मी. टाळ्या वाजवू? बघ—

तिनं उचललं. सगळं हलतंय, डायरी घस

तिचा चेहरा आला. अख्खं आभाळ तिचाच चेहरा. वाटाण्याच्या शेंगे, मी गं, मी

बोट येतंय वरून. तिचं. नखात चिखल आहे, रविवारी कापायची राहिली होती नखं—

लागलं. गालाला लागलं. दर्शू, तुला लागलं का माझं, तुला कळ