गजावरची खूण

प्रिय मार्व्हा,

तुझी बंदूक तयार आहे. माझ्याकडे कपाटात आहे, कुलपात, रिकामी. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी तू ती माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, विकून टाक, माझं पुरे झालं. मी ती गाडीत ठेवली आणि कोलंबसला घेऊन आले. विकलेली नाही. आता ठासणीच्या बंदुकांनी हरणांच्या शिकारीचे जानेवारीतले दिवस तोंडावर आले आहेत. यंदा डोंगरावर जायचं नाही, यंदाच काय, पुन्हा कधीच नाही, असं तू ठरवून बसली आहेस. ते तू चुकीच्या कारणाने ठरवलंस असं मला वाटतं. पण आधी बंदुकीत काय काय बदललं ते लिहिते. ते लिहिणं मला सोपं जातं, तुला माहीतच आहे.

आधी बंदुकीची दारू. तू आणि हॉइट, नवराबायको मिळून, वर्षानुवर्षं शंभर ग्रेन वजनाचं माप भरत आलात, आणि हॉइट गेल्यावर तू ते माप जणू त्याची आठवण म्हणून तसंच ठेवलंस. गेल्या वसंतात ऑपरेशनमध्ये तुझा खांदा शिवला त्यानंतर त्या मापाला अर्थ उरला नाही. मी पंचाहत्तरपासून वर चढत गेले. ऐंशीला बंदूक शांत झाली: धक्का सोसवेल इतका, आणि गोळ्या एका जागी. आपल्या रानात शंभर पावलांपलीकडचं हरीण झाडांमुळे दिसतच नाही, तेव्हा त्याहून जास्त दारू म्हणजे नुसता धूर. तुझा पोरगा ट्रेंट दारूच्या तयार वड्या घे म्हणून तुझ्या मागे लागला होता, तेव्हा तू त्याला म्हणाली होतीस की वड्या गिळायचं काम मी सकाळी नाश्त्याबरोबर करते, तेवढं बास. मीही वड्यांचा विचार केला होता, पण त्या ठरावीक वजनाच्याच मिळतात. मला थोडं कमी, थोडं जास्त असं करून बघायचं होतं. म्हणून सुटी दारूच ठेवली आहे, पण आता दारूच्या शिंगातून मापात आणि मापातून नळीत ओतायची नाही. घरीच मोजून लहान पारदर्शक नळकांड्यांत भरून ठेवायची. एका बाराला एक नळकांडं. भरलेली उजव्या खिशात, रिकामं झालेलं डाव्या. शंका आली तर डावा खिसा चाचपायचा.

गोळीही बदलली. हॉइट शेडमध्ये शिसं वितळवून ओतायचा त्या जाड गोळ्या मी मारून पाहिल्या. चांगल्या आहेत, पण जड आहेत, आणि जड गोळीचा धक्का खांदा मोजतो. नवी गोळी हलकी आहे, प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेली. नळीतून बाहेर पडली की पेला गळून पडतो. तू नाक मुरडशील. म्हणून सांगते, दोन प्रकारच्या पेल्यांत निशाणाच्या कागदावर ती बशीभर पसरत होती, तिसऱ्यात कॉफीच्या मगाच्या तोंडाइतक्या जागेत आली. तेही प्रत्येक बारानंतर नळीत एक ओली आणि एक कोरडी चिंधी फिरवली तरच. हे तू मला शिकवलंस म्हणून मी तीही चाचणी करून पाहिली, न फिरवता. तुझं बरोबर आहे.

त्या चिंधीवरून आठवलं. ट्रेंटबरोबर मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले तो दिवस मोसमाचा शेवटचा होता. माझी आई असती तर नव्या मुलीला बसवून विचारलं असतं, कुठली, काय शिकलीस, चर्चला जातेस का. तू मला न्हाणीघरात नेलंस. टबमध्ये गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि चार बंदुकांच्या नळ्या होत्या, आणि सगळीकडे जळक्या दारूचा, सडक्या अंड्यांसारखा वास. तू माझ्या हातात नळीत सारायचा गज आणि चिंधी दिलीस आणि म्हणालीस, "पाणी काळं यायचं थांबलं की मला हाक मार." मी तासभर घासत होते. तू दोनदा डोकावलीस आणि परत गेलीस. मला अनोळखी घरात काय बोलावं हे कधीच सुचत नाही, आणि त्या दिवशी कुणी मला बोलायला लावलं नाही. जेवताना तू बीन्सचं भांडं माझ्याकडे सरकवलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की या पोरीने हॉइटची नळी हॉइटपेक्षा स्वच्छ केली. हॉइट म्हणाला की मग पुढच्या वर्षीपासून ती आपलीच.

आता बंदुकीवरची दुर्बीण. ट्रेंटने तुला साठाव्या वाढदिवसाला दिलेली बारापट मोठं दाखवणारी दुर्बीण मी उतरवली. तिच्याबद्दल तू माझ्याकडे एकदाच तक्रार केली होतीस, की हिच्यात हरीण दिसत नाही, नुसते केस दिसतात, आणि ते कुठल्या बाजूचे हे कळेपर्यंत हरीण केंटकीला पोचतं. पोराला वाईट वाटेल म्हणून तरीही वापरत राहिलीस. कामावर मी दिवसभर भिंगंच तपासते, त्यामुळे दुर्बिणींबद्दल मला थोडं ठामपणे बोलता येतं. जितकं मोठं दाखवायचं तितकी नजरेतली जागा लहान होते आणि पहाटेचा उजेड कमी पडतो. तुला दीडपट ते चौपट पुरते. ही तशी आहे. आतली फुली जाड आहे, ढगाळ सकाळी राखाडी हरणावरही दिसते. आणि डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, म्हणजे बाराच्या धक्क्याने काच लागून भुवई फुटणार नाही. ट्रेंटने फोडून घेतली होती तेव्हा तू त्याला बर्फ देताना म्हणाली होतीस की दुर्बिणीने तुझा मुका घेतला, दुसरं कोण घेणार. तेव्हा मी ट्रेंटची बायको होते आणि मला वाटतं सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

आमचं लग्न चार वर्षं टिकलं. त्यात कुणाचा मोठा दोष नव्हता. दोन माणसं एका घरात गप्प राहायला लागली, एवढंच. मी कोलंबसला खोली घेतली आणि मोसम जवळ आला तेव्हा मनाशी हिशोब केला की ट्रेंटबरोबर ते रान, ते टेबल, रविवारी तू प्रत्येकाला रानात शिकारीला बसायची जागा वाटून देतेस तेही सगळं गेलं. तसंच असतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग तुझा फोन आला. ट्रेंटचं नाव नाही, माझी विचारपूस नाही. तू म्हणालीस, "शनिवारी नेम बसवायचे आहेत. तू नसलीस तर डॉयल येतो म्हणतोय, आणि मला जिवंत परत यायचंय." शेजारच्या डॉयलने एकदा गज नळीतून काढायचा विसरून बार उडवला होता, आणि तू दर वर्षी सगळ्यांसमोर त्याला विचारतेस की तो गज ओकच्या झाडात अजून वाढतोय का. मी आले. त्या रविवारी टेबलावर तू जागा वाटल्यास: डॉयलला ओढ्याकाठची, ट्रेंटला बीचच्या झाडाखालची, आणि मग नेहमीच्याच आवाजात, लिनेट, खडकामागची. ट्रेंटने मान खाली घालून मक्याचा पाव तोडला. मार्व्हा, त्या वेळी मी तुझे आभार मानले नाहीत. कसे मानायचे ते मला कळलं नव्हतं. त्यानंतरही दोन मोसम गेले आणि दर वेळी ती जागा माझीच राहिली.

आता त्या शनिवारचं. मी समोर खांबावर नवा कागद लावत होते. तू दारू ओतलीस एवढं मी पाहिलं. मग तुझा फोन वाजला आणि तू पाठ फिरवून गाडीच्या पलीकडे गेलीस. मला तेव्हाच आश्चर्य वाटलं, कारण बार भरताना कुणाशी बोलायचं नाही हा तुझाच नियम, आणि तू तो हॉइटसाठीही कधी मोडला नव्हतास. तू परत आलीस, गोळी ठासलीस, बंदूक उचललीस. मी जवळ आले तेव्हा गज अजून नळीत होता आणि त्यावरची खूण, जी बार बरोबर भरला की नळीच्या तोंडाशी येते, ती तोंडाच्या वर उभी होती, चांगली बोटभर. मी तुझ्या हातातून बंदूक घेतली, नळीचं मागचं बूच उघडलं आणि सगळं कागदावर काढलं. दारू दुप्पट निघाली. नळी फुटली असती असं मी म्हणत नाही, ती मजबूत आहे. खांद्याचं मात्र मी सांगू शकत नाही. तू त्या ढिगाकडे बघत गाडीच्या मागच्या फळीवर बसलीस आणि म्हणालीस, "डोळे गेले माझे. इतकी मोठी खूण दिसली नाही. असल्या बाईने बंदूक धरू नये." मी वाद घातला नाही. तुझा चेहरा वाद घालण्यासारखा नव्हता.

पण त्याच दुपारी, निघण्याआधी, तू माझा अंगठा धरलास आणि चष्मा न लावता टाचणीने त्यातलं कुसळ काढलंस. कागद लावताना खांबाचं घुसलं होतं. ते केसाहून बारीक होतं, मला स्वतःला धड दिसत नव्हतं. घरी जाईपर्यंत तेच डोक्यात होतं. कुसळ दिसतं आणि बोटभर वर आलेली खूण दिसत नाही, असे डोळे मला माहीत नाहीत. तरीही मी ती खूण आता कोरून खोल केली आहे, नख अडकेल अशी, म्हणजे काळोखातही कळेल. पण हे फक्त खबरदारी म्हणून. डोळ्यांचा दोष मला पटला नव्हता, आणि दुसरं कारण हाताशी नव्हतं.

ते गेल्या आठवड्यात मिळालं, आणि पत्र लिहायचं कारण तेच. फोनवर तू विषय बदलला असतास. ट्रेंटने मला फोन करून सांगितलं की तो वसंतात शेल्बीशी लग्न करतोय. मी अभिनंदन केलं आणि ते मनापासून होतं. मग विचारलं, आईला कधी सांगितलंस. तो म्हणाला, "नोव्हेंबरातच. शनिवार होता, तुम्ही नेम बसवत होतात. ती 'हं, बरं' म्हणाली आणि ठेवूनच दिला." मार्व्हा, तुझे डोळे ठीक आहेत. मुलाचं लग्न ठरल्याचं कानात आणि मी वीस पावलांवर, मला हे कसं सांगायचं हा विचार डोक्यात, अशा वेळी कुणीही दारू दोनदा ओतली असती. तू तेव्हापासून मला रविवारच्या जेवणाचं बोलावणं केलं नाहीस, आणि मला वाटतं तू बंदूक सोडलीस त्यात निम्मा वाटा याचा आहे की टेबलच मांडलं नाही तर शेल्बीला कुठे बसवायचं आणि मला कुठे, हे ठरवावं लागत नाही. तर मी ठरवते. टेबल मांड. खडकामागची जागा शेल्बीला दे, आणि तिला सांग की तिथे सकाळी वारा ओढ्याकडून येतो, उशिरा फिरतो. ती नवीन आहे, तिला कुणीतरी काहीतरी हातात द्यायला हवं, आणि ते तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही. माझं म्हणशील तर शनिवारी मी बंदूक घेऊन येते. ऐंशीचे बार तू स्वतः उडवून बघ आणि मग काय ते ठरव. रविवारी मला जागा दिलीस तर घेईन, नाही दिलीस तर तुझ्यामागे मचाणावर बसेन आणि बोलणार नाही, ते मला येतं. ट्रेंटशी माझं लग्न मोडलं तेव्हा कोर्टाच्या कागदावर दोनच नावं होती. त्यात तुझं नव्हतं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही, पण आता सांगते.

तुझीच,
लिनेट