कॅप्टनच्या बाजूने साक्ष

१९ मे १९५६

आज सकाळी नदीतला एक दगड धुऊन खिशात टाकला आणि टेकडीवर गेलो. आजोबांचा धाकटा भाऊ गोऱ्यांच्या घोडदळाशी झालेल्या लढाईत पडला, त्याला तिथेच दगडांखाली ठेवलं आहे. घरातला प्रत्येक जण वर्षाला एक दगड वाहतो. सिडारच्या पाल्याची धुनी केली, हात जोडले. डोळे उघडले तर ढिगाभोवती खुंट्या! लाल दोरी ताणलेली, खणायला आखतात तशी.

ही जागा मी एकाच परक्या माणसाला दाखवली होती. प्रोफेसर मेरिटला.

२० मे

कितीतरी उन्हाळे हा माणूस आमच्या घरी जेवला. माझ्या बायकोच्या, कॉर्डेलियाच्या हातचं वाळवलेल्या मांसाचं कालवण मागून मागून घ्यायचा. त्या जागी आमच्या माणसाच्या नावाचा दगड बसवून देईन, फावडं लावू देणार नाही, असं म्हणाला होता.

आज विचारलं. त्याने कॅप्टन ऑल्ड्रिचच्या आठवणींचं पुस्तक पुढे केलं. हा घोडदळातला कॅप्टन लढाई संपल्यावर तिथे पोचला होता. त्याने लिहिलंय, त्या टेकडीवर कुणीच पडलं नाही, वाट ओळखता यावी म्हणून माझ्या शिपायांनी ते दगड रचले. सगळे त्यालाच पुरावा धरतात.

"मी तुझ्याच बाजूने आहे," प्रोफेसर म्हणाला. "हाडं निघाली की कॅप्टन खोटा ठरेल. सोमवारी खणू."

माझ्या बाजूने! हाडं काढून!

२१ मे

पावसाने खणणं शुक्रवारवर गेलं. पुस्तक घरी आणून वाचलं. आमच्यात लढाईची गोष्ट एकट्याने सांगत नाहीत. तिथे असलेला दुसरा कुणी "होय, असंच झालं" म्हणाला तरच ती खरी. कॅप्टनचा साक्षीदार कोण, ते शोधत होतो.

सापडला. लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी कॅप्टन पुन्हा आला, तेव्हा आमच्या शायेन जमातीतल्या एका सत्यवचनी म्हाताऱ्याने जागेवर उभं राहून होकार दिला. नाव लोन क्रेन.

माझे आजोबा. स्वतःच्या भावाच्या डोक्याशी उभे राहून.

जेवलो नाही.

२२ मे

जोसेट आत्याकडे गेलो. आजोबांची ती शेवटची लेक. मांस वाळत घालत होती. थांबली नाही.

"पुस्तकवाल्याला ताटावर बसवलंस, आता रडायला आलास?" म्हणाली. मग मी आजोबांचं नाव घेतलं.

तेव्हा आपल्या लोकांच्या कवट्यांना गिऱ्हाईक होतं, ती सांगत होती. पेट्या भरभरून पूर्वेकडच्या संग्रहालयांत जायच्या. कॅप्टनबरोबर फावडी घेतलेली माणसं होती. त्यांनी विचारलं, या दगडांखाली कोण आहे?

"बाबा म्हणाले, कुणी नाही, तुमच्याच शिपायांनी रचलेत. कॅप्टन खूश झाला. लिहून घेतलं. पुढे कुणी हात लावला नाही."

मग घरी आम्हाला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"खोटी साक्ष दिलेला माणूस काय सांगणार? त्यानंतर जमातीच्या वार्षिक मेळ्यात लढाईची गोष्ट सांगायला कधी उठले नाहीत. लोक समजले, म्हातारा विसरला."

मलाही तसंच वाटायचं. हसायचो त्यांना.

२४ मे

काल लिहिलं नाही. प्रार्थनेत शब्द येत नाहीत.

मेळ्यात लढाईची गोष्ट आता मीच सांगतो. वडिलांकडून मला आली. नावाचा दगड बसला असता, तर येणाऱ्याजाणाऱ्याने ते नाव वाचलं असतं. ते मला हवं होतं. फार हवं होतं.

२५ मे

सकाळी टेकडीवर प्रोफेसर फावडीवाल्यांना घेऊन हजर. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आमच्या घरची गोष्ट चुकीची आहे. कॅप्टनचं खरं. दगड शिपायांचे.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू मला फसवलंस," म्हणाला.

त्यांनी खुंट्या उपटल्या.

२७ मे

मेळा. संध्याकाळी लढाईची गोष्ट सांगायला माझं नाव पुकारलं. उठलो नाही.