जावयाच्या नावावर चढलेला लेसर

हिर्डोशी,
अधिक महिना

ती. नलूआत्यास,

शेफालीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (डॉक्टर चालायला सांगतात आणि तुम्ही देवळापर्यंतसुद्धा रिक्षा करता, हे आईकडून कळलं. आईचं नाव घेऊ नका.)

आम्ही दोघं धोंड्याच्या जेवणाला माहेरी आलोय. तीन वर्षांनी येणारा महिना, त्यात पहिलाच जावई, त्यामुळे दादांनी विराजला पाटावर बसवून इतकं खाऊ घातलंय की त्याला उठवायला दोन माणसं लागतात. जावयाचा मान असतो, तक्रार नाही. पण मानाबरोबर दादांनी माझा लेसरही त्याला देऊन टाकला, ही मात्र तक्रार आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे (नसलं तरी तुम्ही मान डोलावता, तेवढं पुरतं). काचेवर केसाहून बारीक असा धातूचा थर असतो. त्यावर लेसर पडला तर कुठला थर किती तापेल, हे मी संगणकावर गणित करून काढते. खऱ्या लेसरला चार वर्षांत हात लावलेला नाही. हे दादांना फोनवर कितीदा सांगितलं. त्यांनी ते सगळं विराजच्या नावावर चढवलं आणि गावभर केलं, की आमच्या पाव्हण्यांकडे लेसर आहे. विराज विमा कंपनीत कारकुनी करतो. त्यानं तेव्हाच खरं सांगायचं, पण सासऱ्याचा शब्द खोडायचा कसा, म्हणून तो नुसता हसला आणि तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे कोंडिबानाना नाकावरची चामखीळ जाळून घ्यायला हजर. विराजनं गंभीरपणे नाक न्याहाळलं आणि म्हणाला, आत किती थर आहेत ते बघावं लागेल. आता कातडी म्हणजे तरी काय, पातळ थरच. मलाही खुमखुमी आली. दुपारी सगळे लवंडल्यावर मी नानांचं नाक संगणकात मांडलं. घाईत वेळेचे तुकडे जाड घेतले (ते बारीक घ्यायचे असतात, नाहीतर गणित पिसाळतं) आणि नाकाचा शेंडा घटकेत बर्फाहून गार, घटकेत सूर्याहून गरम दिसायला लागला. मी ते दुरुस्त करणार, तोवर विराज पडवीत जाऊन नानांना जसंच्या तसं सांगून मोकळा झाला.

नाना नाकावर हात ठेवून उठले. "ऱ्हाऊ द्या, पाव्हनं. बिचारी कुनाचं काय खाती?"

दादांचा ऊर भरून आला. "बगा, लेसर हातात बी न घेता सांगितलं." गणित माझं, तेही चुकलेलं, आणि शाबासकी विराजला. मी चिडले, आत्या. खरंच चिडले.

म्हणून सगळ्यांदेखत दादांना सांगितलं, पुढच्या महिन्यात पुण्यात पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा आहे, कुणीही येऊन ऐकू शकतं, तुम्ही या. दादा विचारात पडले. "जावयाची परीक्षा सासऱ्यानं बघू न्हाई. एकादं उत्तर चुकलं, तर पाव्हन्यांनी तोंड कुठं लपवायचं?"

मी म्हटलं, परीक्षा माझी आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाले, "पोर लई गुनाची. नवऱ्याचं समदं आपल्या अंगावर घेती."

बाकी सर्व ठीक. भात पेरायची तयारी चाललीय.

तुमची,
शेफाली

ता. क. गुडघ्याचं विचारलं ते रीत म्हणून. पत्र या कामासाठी आहे. दादा तुमच्याखेरीज कोणाला भीत नाहीत. परीक्षेच्या दिवशी त्यांना भोरहून एस.टी.त घाला आणि शेजारी बसा, नाहीतर वाटेतच उतरून परत फिरतील. त्यांनी मला एकदा तिथं उभं राहून उत्तरं देताना पाहावं, एवढंच मला हवंय.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार तेवढ्यात विराजनं दादांना सांगितलं की त्याला रजा नाही, तो परीक्षेला येणार नाही. (मीच सांगायला लावलं.) दादा ताडकन उठले. "पाव्हनं न्हाईत? मंग तुज्याकडनं कोन बोलनार? म्या येतो." तेव्हा त्यांना आणायची काळजी मिटली. तुम्ही मात्र नक्की या, आत्या. मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला की दादा उत्तर द्यायला उभे राहतील. त्यांना धरून खाली बसवायला कोणीतरी हवं.