वेणीचा चिमटा

बाबा, मी आता घरात यंत्राचा हात बनवत बसते. रिटायर झालेल्या बायका भजनी मंडळात जातात, मी मोटारी आणि स्क्रू पसरून बसते. जावई तुमचे म्हणतात, हिचं काहीतरी बिनसलंय. हाताला कोपर आहे, मनगट आहे, आणि मनगटाला हवं ते अवजार लावता येतं: पकड, पेन, स्क्रू ड्रायव्हर. लावता येतं म्हणजे, यायला हवं. महिनाभर सगळं गळून पडत होतं. चुंबक लावले, प्लास्टिकच्या खाचा केल्या, छे. एका दुपारी लादीवर पडलेली पकड उचलताना तुमचा बल्बचा होल्डर आठवला आणि मी तिथेच फतकल मारून रडले.

संपानंतर गिरणीने तुम्हाला परत घेतलंच नाही. एवढे नावाजलेले फिटर तुम्ही, घोडपदेवच्या एका लहानशा कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर उभे राहिलात, आणि प्रेसने उजव्या हाताची बोटं नेली. आई परळच्या इस्पितळात आया, तिची सकाळपाळी, म्हणून माझ्या वेण्या तुमच्याकडे. तुम्ही मनगटाला चामड्याचा पट्टा बांधलात, त्यावर पितळी होल्डर बसवलात, आणि प्रत्येक अवजाराच्या बुडाला बल्बला असतात तशा दोन पिना. दाबायचं, फिरवायचं, बसलं. पिशवीसाठी आकडा, जेवायला चमचा, माझ्या केसांसाठी चिमटा. चिमटा आधी स्वतःच्या मिशीला लावून बघायचात. मी पाटावर बसलेय, तुम्ही मागे. एक पेड चिमट्यात धरलाय, डाव्या हाताने उरलेले दोन फिरवताय. "हलू नको गो, वेणी सुटतली." वेणी वाकडी व्हायची, पण केस एकदाही ओढला गेला नाही.

मग पालकसभेला तुम्ही तो पट्टा लावूनच आलात. दुसऱ्या दिवशी मुली मला विचारायला लागल्या, तुझ्या बाबांचं बटण कुठे असतं गं? त्याच्या पुढच्या सकाळी मी चिमटा दप्तरात घातला आणि शाळेच्या वाटेवर कचरापेटीत टाकला. संध्याकाळी तुम्ही पलंगाखाली ओणवे होऊन शोधताय, ट्रंका ओढताय. मला विचारलंत. मी म्हटलं, मला काय माहीत. "मीच खंय तरी टाकलंय," तुम्ही म्हणालात, "वय झाला गो माझा." चाळिशीसुद्धा उलटली नव्हती तुमची. आठ दिवस डाव्या हाताने कानस मारून दुसरा बनवलात. तो मिशीला लावून बघत होतात, तेवढ्यात मी आईकडून मानेपर्यंत केस कापून आत आले. बाईंनी सांगितलंय म्हटलं. तेही खोटंच. तुम्ही चिमटा फिरवून काढलात, फळीवर ठेवलात. "बरी दिसतंस," म्हणालात. मला वाटलं, सुटले.

तुम्ही गेलात तेव्हाही तुमची समजूत तीच होती, की पहिला तुमच्याच हातून हरवला. मला सांगायला किती वर्षं मिळाली होती, बाबा.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून पितळी होल्डर आणला. अवजार आता पडत नाही, तुमचा जोड अजून घट्ट बसतो. आधी केला तो चिमटाच. केस वाढवलेत, पांढरे का होईनात. यंत्राचा हात हळूच खाली येतो, पेड धरतो आणि ओढतो. आत रबर लावून बघितलं, फलालीन लावून बघितलं. तुम्ही काय लावलं होतं ते मला माहीतच नाही, टाकताना नीट बघितलंसुद्धा नव्हतं. जावई म्हणाले, दे, मी घालतो वेणी. मी नको म्हटलं.

हे पत्र अवजारांच्या डब्यात राहील, दुसरीकडे कुठे टाकणार. एक सांगायचं राहिलं. स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला तर चिमटा ओढणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलंय. मी तो फिरवलेला नाही.