भिंतीवरची धनुकली

अब्बा,

आज सकाळी भिंतीवरच्या धनुष्यांतला एक कामठा उतरवला, तर हातात बांबू कमी आणि भुसा जास्त आला. पिवळा, बारीक, चाळलेल्या पिठासारखा. आत किडे कधीपासून पोट भरत होते कोण जाणे. मागच्या बाजूला झुरळांची अंडी चिकटलेली, आणि एक पाल मरून, वाळून भिंतीलाच डकलेली. मी कामठा तसाच फरशीवर टाकला आणि मोरीत जाऊन ओकले. बासष्ट वर्षांची बाई मी. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, पोरींचे फुटलेले गुडघे धुतले, आणि एका मेलेल्या पालीने माझी ही गत केली. तुम्ही असता तर म्हणाला असता, हिला जन्मापासून सगळ्याचीच घाण वाटते.

घर सोडायचं ठरलंय. माझ्याच्याने आता जिना चढवत नाही, म्हणून मुलाने पुण्याला त्याच्या जवळ दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय. नगरचं नाव बदललं, आता मीही बदलणार. प्रश्न एवढाच की भिंतीवर आणि पलंगाखाली मिळून एकतीस धनुष्यं आहेत. मुलगा फोनवर म्हणाला, "अम्मी, पाच ठेव, बाकीची काढून टाक. तिथं भिंत कुठंय एवढी?" मला वाटलं होतं, निवडताना जीव तुटेल. कसलं काय! एकेक उतरवत गेले तशी शिसारीच येत गेली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आणलेले कामठे, सातपुड्यातला एक, ज्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची आहे, पोरींना स्पर्धेला घेऊन गेले तेव्हा आसामातून आणलेला एक, भंगारवाल्याकडे सापडलेलं शिंगाचं मोडकं धनुष्य. चार सोडले तर सगळ्यांनी पाठ टाकलीय, म्हणजे दोरी सोडली तरी वाकलेले ते वाकलेलेच. दोष बांबूचा नाही, माझा आहे. पोरींना मी पहिल्याच दिवशी शिकवायची, सराव संपला की दोरी उतरवा, बांबूला आराम द्या, सारखा ताणलेला राहिला की तो मरतो. जी विसरेल तिला मैदानाला दोन फेऱ्या. आणि घरात मात्र सगळे कायम दोरी चढवलेले. कारण दोरी उतरवली की धनुष्य नुसती काठी दिसतं, आल्यागेल्याला कौतुक वाटत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नुसत्या दिखाव्यापायी मारले मी ते. त्यातले काही तर डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलेले, चहासुद्धा त्यांनीच पाजला होता.

असे हे तीस. एकतिसावी तुमची धनुकली.

तिच्याकडे बघितलं की मला मिरजगावचं घर दिसतं, आणि आधी नाकाला दिसतं. एकच लांब खोली आहे. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे अम्मीची चूल, पलीकडे तुम्ही. आढ्याला दोरीने धनुकली टांगलेली, एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हातातल्या डमरूसारख्या लाकडी मुठीने तातेवर ठोका द्यायचा. टंव, टंव, टंव. कापूस उडतो, पडद्याच्या वरून, खालून, फटीतून अलीकडे येतो. दुधावर येतो, डाळीत येतो, भाकरीच्या पिठात मिसळतो. अम्मी फुंकर मारून ताट पुढे सरकवते आणि मी प्रत्येक घासातून तंतू काढत बसते. नवा कापूस असता तर एक वेळ चाललं असतं. पण आपल्याकडे यायचा तो लोकांच्या गाद्यांतला, पाच-पाच दहा-दहा वर्षं अंगाखाली दबलेला. त्यात पोरांचं मूत, बायकांचे केस, ढेकणांचे काळे डाग, कुणाचं सुकलेलं रक्त. गावात कुणी वारलं की ती गादी घरात ठेवत नसत. ती उन्हात आपल्या दारापुढे येऊन पडायची आणि आणून टाकणारा माणूस तिला हात न लावता पायाने आत ढकलायचा. तुम्ही नाकाला फडकं बांधून ती उसवायचात. संध्याकाळी तुमच्या पापण्या पांढऱ्या, कान पांढरे, खाकरलात की बाहेर पडे तेही पांढरं. आणि पावसाळ्यात त्या तातेला, बकऱ्याच्या आतड्याच्या त्या दोरीला, जो वास यायचा तो आजही माझ्या नाकात आहे. मला चुकून कुणी ती धरायला सांगितली तर मी हात फ्रॉकला पुसायची. तुम्ही ते बघायचात. कधी बोलला नाहीत.

बोललात ते एकदाच. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही कापूस आणायला कर्जतला गेला होता. मी धनुकली आढ्यावरून सोडली, तुरीची वाळलेली काडी तातेवर लावली आणि दारातल्या लिंबाच्या खोडावर नेम धरला. काडी लागली बरं का, खोडालाच लागली! मग दुसरी, तिसरी. चौथ्या वेळी मी जीव खाऊन ओढली आणि तात तुटली, सटकन माझ्या गालावर बसली. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि लग्नघरच्या सहा गाद्या भरून द्यायच्या होत्या. घरात आपण दखनी बोलायचो, पण राग आला की तुमच्या तोंडून मराठी यायची, गिऱ्हाइकांशी आयुष्यभर बोललेली. "मारायला घेतलीस व्हय?" तुम्ही म्हणालात. "ह्यानं मारत न्हाईत, पोरी. ह्यानं मऊ करत्यात." मारलं नाहीत. गालावर कापूस तेलात बुडवून लावलात. मला त्या कापसाचीच किळस आली. कुणाच्या गादीतला असेल, हाच विचार मी सारी रात करत होते.

पण काडी खोडाला लागली होती. ते डोक्यातून गेलं नाही. पुढे शिकले, खेळाची शिक्षिका झाले, नगरच्या शाळेत पोरींच्या हातात बांबूची धनुष्यं दिली, जिल्ह्याबाहेर स्पर्धांना नेल्या. लोक धनुष्यवाल्या बाई म्हणायला लागले. पिंजाऱ्याची पोर म्हणायचे त्यापेक्षा हे कानाला केवढं गोड! नवऱ्याच्या माघारी एकटीच्या घरात धनुष्यं गोळा करत गेले. हौस होती हे खरं, पण त्यात थोडं असंही होतं की धनुष्य म्हटल्यावर कुणाला दुसरं काही आठवू नये.

मग मिरजगावच्या बाजारात कापूस पिंजायचं यंत्र आलं. तुमचे हातही थकले होते. तुम्ही एसटीने नगरला आलात, धनुकली जुन्या चादरीत गुंडाळून, कंडक्टरशी भांडून सीटखाली ठेवून. म्हणालात, "तुज्याकडं येवढी धनुष्यं हायेत. हितंच ऱ्हाऊ दे. तिला बी सोबत हुईल." मी ती घेतली आणि तुमच्यासमोर भिंतीच्या मधोमध लावली. तुमचा चेहरा असा खुलला होता! पंधरा दिवसांत शाळेतल्या एक बाई घरी आल्या. वर बघून विचारलं, "हे केवढं जाड! हे कुठलं हो?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "निजामशाहीतलं असावं." नगरात कुठल्याही जुन्या वस्तूला निजामशाही म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. जाणकाराने एका नजरेत ओळखलं असतं, पण माझ्या घरी जाणकार कोण येतंय? पुढे मी वळणदार अक्षरात पाटीच लिहिली, निजामशाही काळातील धनुष्य, आणि खाली चिकटवली. पेपरात फोटो आला. शाळेच्या सहली यायच्या, पोरं आ वासून बघायची.

तुम्ही शेवटचे आलात तेव्हाची दुपार मला नको तितकी आठवते. तुम्ही स्वच्छ पांढरा सदरा घालून खुर्चीत टेकला आहात. एक पाहुणे आलेत, पाटी वाचतात, मला विचारतात, आणि मी तुमच्यादेखत तेच सांगते, न अडखळता. पाहुणे तुमच्याकडे वळतात. "बाबा, तुम्हाला काही माहिती याची?" तुम्ही बशीतला चहा संपवता, मिशी पुसता आणि म्हणता, "लई जुनं हाय ते. आमच्या आज्याच्याबी आदीचं." एवढंच. एक अक्षर खोटं नाही, आणि माझा खोटेपणा तुम्ही पदरात घेतलात. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटका वाटली. लाज नाही, सुटका! निघताना तुम्ही म्हणालात, "धूळ पुसत जा तिच्यावरची." त्याच वर्षी तुम्ही गेलात. मी आजवर ती धूळ फडक्याने पुसली, हाताने नाही.

परवा एकजण आला होता. हायवेला त्याचं फॅमिली हॉटेल आहे, दारात फायबरची तोफ, भिंतीला प्लास्टिकच्या मशाली, त्यात लाल दिवे. कुणीतरी माझ्या भिंतीचा फोटो दाखवला असणार. बोटात अंगठ्या, तोंडात गुटखा, एक हात मोबाइलवर. "मॅडम, आपली थीमच हिस्टॉरिकल हाय. सगळीच उचलतो. किडकी असूं द्या, व्हार्निश मारलं की झालं. शुक्रवारी टेम्पो लावतो." त्यातल्या निम्म्या धनुष्यांवर तो बल्ब टांगणार होता. मग तो मधल्या भिंतीपाशी गेला, पाटी वाचली, फोटो काढला. "हे म्हंजे हिरोच हाय की!" त्याने तातेला बोट लावलं, ओढलं, बोट नाकाशी नेलं. "ईऽऽ! कसला घाण वास मारतोय!" आणि हात पँटच्या मांडीला पुसला.

अब्बा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या त्या अंगठ्या, ते पचकन थुंकायला खिडकीपाशी जाणं, सगळ्याची किळस आली, आणि तो मांडीवर पुसला जाणारा हात तर मी ओळखतच होते. तो माझाच होता, फ्रॉकवरचा. मी म्हणाले, "ते धनुष्य नाहीये. पिंजाऱ्याची धनुकली आहे. माझे वडील तिच्यावर गाद्यांचा कापूस पिंजायचे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि बोलले तेही कुणासमोर, तर ह्या माणसासमोर. मला वाटलं, आता तो नको म्हणेल. तो हसला. "आसूं द्या हो, मॅडम. लोकान्ला काय कळतंय? तुमी पाटी लिवलीच हाय ना, तीच लावू. निजामशाहीच ऱ्हाऊ द्या. तुमी बी गप, मी बी गप." वर डोळा मारला. तो डोळा मला सहन झाला नाही, कारण त्यात तो मला आपल्यातलीच समजत होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. विचार करून कळवा म्हणाला आणि गेला.

विचार मी दोन दिवस केला, खोटं कशाला सांगू? एका टेम्पोत सगळं गेलं असतं. किडे, पाल, भुसा, आणि तुम्हीसुद्धा. पुण्याच्या फ्लॅटात मी कुणाचीही पोर असते. आज सकाळी ओकून झाल्यावर तोंड धुतलं आणि त्याला फोन केला, टेम्पो पाठवू नका. तो म्हणाला, "मग ती एकच द्या की." मी फोन ठेवला. ज्या चार कामठ्यांत अजून जीव आहे ते शाळेतल्या पोरींसाठी दोऱ्या उतरवून बांधून ठेवलेत. बाकीचे तोडून मागच्या अंगणात बंबापाशी रचलेत. त्या म्हाताऱ्यांची आठवण येऊन वाईट वाटतं, पण किडलेलं लाकूड कुणाच्या गळ्यात मारायचं? बंबात पहिली घातली ती पाटी.

दुपारी मी माझी उशी उसवली. धनुकली पंख्याच्या हुकाला टांगली आणि तुमची ती लाकडी मूठ घेऊन बसले. तात इतकी वर्षं सुकलेली, वाटलं एका ठोक्यात तुटेल. नाही तुटली. टंव. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय वाजतंय. आणखी ठोके दिले, कापूस उडण्याऐवजी तातेलाच गुंडाळत बसला, मग सगळा माझ्या नाकातोंडात. पिंजाऱ्याची पोर, आणि एक उशी मऊ करता येईना! बघत होते इतकी वर्षं, पण गोणपाटाच्या अलीकडून. गठुळ्या गठुळ्यांचीच उशी पुन्हा शिवून टाकलीय, तिच्यावरच निजेन. धनुकली पुण्याला येईल, मुलाला सांगितलंय ती कशाची आहे. तो म्हणाला, "मग अम्मी, आधी का नाही सांगितलंस?"

हे पत्र कुठे टाकायचं तेही मला माहीत नाही, तेव्हा तुम्ही ते वाचणार नाही या भरवशावरच एक सांगते. पिंजून झाल्यावर, हे लिहायला बसायच्या आधी, मी मोरीत गेले आणि तातेचा वास जावा म्हणून हात धुतले. साबणाने. दोनदा.