ट्रकवरचा आवाज

७ ऑक्टोबर
स्वरयंत्रावर गाठ आहे. घशाच्या डॉक्टर बाईंनी आज भंडाऱ्यात पक्कं सांगितलं. नळी घालून पडद्यावर दाखवलीसुद्धा. डाव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी. ऑपरेशन नागपूरला, १८ तारखेला. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. "आवाज येईल. हाच येईल, असं मी लिहून देत नाही."
म्हणून ही वही. दुसरीकडे कुठे बोलू?

८ ऑक्टोबर
पाटी आणली, खडू आणला. सुनंदा खूश. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या घरात माह्यं बोलणं पुरं होऊन राहिलं." 'चहा' लिहून दाखवलं तर म्हणते, पुढे 'जी' लिहा, मग देतो.
संध्याकाळी तिचा भाऊ राजू आला. धुमाल पार्टी त्याची, गळा माझा. मिरवणुकीत ट्रकवर बेंजो, पॅड, ताशे, आणि सगळ्यांच्या पुढे चमकी जॅकेटात मी. त्यानं पाटी वाचली. हातानं पुसून टाकली. "भाऊजी, मजाक नका करू. चौदा तारखेले कारध्याच्या देवीचं विसर्जन हाय."

९ ऑक्टोबर
दिवसभर गप्प बसलं की जुनंच वर येतं. जयंतीच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून भीमगीतं म्हटली, ती सुरुवात. मग लग्नाचा ब्रास बँड. मग धुमाल. 'जोर लाव' हे गाणं मीच बांधलं, एका दुपारी, नवरदेव सापडत नव्हता तेवढ्या वेळात. त्यानंतर दुसरं काही गाऊ दिलं नाही कोणी. वरात, गणपती, सरपंच निवडून आला, तेच. नवीन धरलं की खालून ओरडतात, "जोर लाव म्हण ना बे!" त्यातली शेवटची आरोळी गळा सोलून काढते. डॉ. बाई म्हणाल्या, गाठ बहुधा तिथलीच.
चाळीस तरी गाणी पडून असतील. न म्हटलेली.

११ ऑक्टोबर
राजूची शक्कल. मागच्या वर्षीची कारध्याची अख्खी मिरवणूक मिक्सरवर रेकॉर्ड आहे. तीच लावायची. मी फक्त ओठ हलवायचे.
आमच्याकडे ट्रक ज्या दारासमोर थांबतो, त्या घरच्या मोठ्या माणसाचं नाव गायकानं पुकारायचं असतं. राहून गेलं तर घर वर्षभर रुसतं. मी पाटीवर लिहिलं, 'नावं?' राजू हसला. "नावंबी हायेत त्याच्यात. घरं तेच, रस्ता तोच. कोणाले समजन?"
'नाही' लिहिलं. त्यानं खडू घेऊन त्याच्याखाली लिहिलं, 'आठ पोरं'. पार्टीतली पोरं. दिवाळी तोंडावर.
पाटी मीच पुसली.

१४ ऑक्टोबर
आत्ताच कारध्याहून आलो. क्रमानं लिहितो.
पहिली घरं जमली. ओठ, हातवारे, घाम, सगळं खऱ्यासारखं. मग ट्रक गोमाजी आजाच्या दारासमोर थांबला. स्पीकरमधून मी ओरडलो, "कारध्याची शान, गोमाजी आजा! बाहेर या जी, देवी दारात आली!"
आणि मला आठवलं. आजा उन्हाळ्यात गेला. मी मातीला गेलो होतो.
राजूला हातानं खुणावलं, बंद कर. तो पलीकडे बेंजोवाल्या दिनूशी हसत होता. मागच्या वर्षी आजानं माझ्या हातातला माईक ओढून घेतला होता, तेही आम्ही दोघे विसरलो होतो. स्पीकरमधून आता आजाच बोलला, "आलो बे, आलो! धोतर तं नेसू दे!" मागच्या वर्षीचं लोकांचं हसणंसुद्धा मागून आलं. आज रस्त्यावर कोणी हललं नाही. आजाची बायको, भागरता आजी, आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं मागे वळून घरात पाहिलं.
वाजणं थांबलं. वाटलं, आता दगड येतील. आजी ट्रकपाशी आली. राजूला म्हणाली, "बापू, अजून एक डाव लाव."
लावलं. मग अजून एकदा. तेव्हा ती हसली. "कधी धड नेसता नाही आलं त्याले."
मी माईक धरून उभा. तोंड बंद. आवाज माझ्या तोंडून येत नाही हे आता सगळ्यांना दिसत होतं. कोणी माझ्याकडे पाहतच नव्हतं.

१५ ऑक्टोबर
कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. सकाळपासून राजूचा फोन थांबत नाही. नाकाडोंगरीहून एक जण: "आमच्या बाबाचं नाव पुकारान काय? वारले ते." सिहोऱ्याची शारदा देवी कोजागिरीनंतर विसर्जनाला उठते, १८ ला. त्यांना गावातले गेलेले सगळे म्हातारे पाहिजेत. माझ्या आवाजात.
राजू: "भाऊजी, ऑपरेशनच्या पहिले सारे नावं भरून ठेवा. मंग आवाज येवो, नाही तं न येवो."
सु.नं चुलीपुढून उलथनं दाखवलं. "तुह्याच घशात घालीन हे."
तो गेला. मी पाटी घेऊन त्याच्यामागे दारापर्यंत गेलो.

१६ ऑक्टोबर
गेलो. का गेलो, विचारू नये.
राजूची खोली, भिंतींना गाद्या, मध्ये माईक. पहिलं नाव पुकारलं. दुसरं. तिसऱ्याला आवाज फाटला, नुसती हवा. हेडफोनमध्ये ती हवा मला ऐकू आली. हेडफोन काढून ठेवला, उठलो.
राजू चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "राहू द्या. जुन्या रेकॉर्डिंगमधून अक्षरं कापून जोडतो. याच्यातला 'रामा', त्याच्यातला 'जी'. होते सारं."
भांडला असता तर बरं झालं असतं.
सु.ला सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर
नागपूर. भरती झालो. खिडकीजवळची खाट.
डॉ. बाई येऊन गेल्या. उद्या दुपारी दोनला आत. शुद्धीवर आल्यावर लगेच बोलायचं नाही. त्या म्हणतील तेव्हा एकच सूर काढून पाहायचा. काय निघेल, ते तेव्हाच कळेल.
राजूचा फोन आला, सु.नं स्पीकरवर धरला. सिहोऱ्यात ट्रक दोनलाच निघतो. माझं जॅकेट दिनूला दिलंय. ढिलं होत होतं, टाके घातले. ओठ बरोबर हलवतो म्हणे. "ताई, भाऊजी आत गेले का व्हिडिओ कॉल लावतो. तिथं एकटी बसून काय करशीन?"
सु.नं हो म्हटलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पाटी उचलली नाही.
उद्या दोनला मी आत असेन. ती बाहेर बाकावर बसून मला ऐकत असेल.